मोरावियातील रुदित्से: ओढा गिळणारे गाव आणि त्याचे लोखंड

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. सातपूरला ओतकामाशी संबंधित एका कारखान्यात मी बरीच वर्षे नोकरी करतो. गेल्या वर्षी कामानिमित्त चेक प्रजासत्ताकाच्या मोराविया प्रांतातील ब्रनो शहरात तीन आठवडे राहण्याचा योग आला. शहराच्या उत्तरेला ‘मोरावियाचा कार्स्ट’ या नावाने ओळखला जाणारा चुनखडकाचा पट्टा आहे. बहुतेक पर्यटक तेथे मात्सोखा नावाची, सुमारे १३८ मीटर खोल असलेली प्रचंड घळ पाहायला आणि पुंक्वा नदीच्या गुहेतून नावेने फिरायला जातात. तेही मी पाहिले. परंतु मनात घर करून राहिले ते हजाराच्या आसपास वस्तीचे, पठारावरचे एक छोटेसे गाव, रुदित्से. (‘त्से’ म्हणजे आपल्या ‘चाक’ किंवा ‘चोर’ या शब्दांतला च, त्याला एकाराची मात्रा लावून.) चेक भाषेत ‘रुदा’ म्हणजे धातूचे खनिज, आणि गावाचे नाव त्यावरूनच पडले आहे, असे मला तेथे सांगण्यात आले.

गावाच्या माथ्यावर १८६५ साली बांधलेली दगडी पवनचक्की आहे. हॉलंडच्या पद्धतीच्या या चक्कीचा बुरूज जागचा हलत नाही, फक्त वरची टोपी वाऱ्याच्या दिशेने फिरवता येते. आता आत गुहा आणि खनिजे यांचे छोटे संग्रहालय मांडले आहे. तेथे फोडलेला एक गोटा ठेवला होता. बाहेरून तो शेतातल्या कोणत्याही मळकट धोंड्यासारखा होता, पण आतली पोकळी स्फटिकांनी खच्चून भरलेली होती. मला एकदम आजोळची आठवण झाली. सिन्नर तालुक्यातील आमच्या आजोबांच्या विहिरीचे खोदकाम चालू असताना असाच एक गोटा निघाला होता आणि तो पुढे कित्येक वर्षे देवळीत दिव्याशेजारी ठेवलेला असे.

त्यानंतर मी गावाच्या कडेला उतरलो. येदोव्नित्से या शेजारच्या गावाकडून येणारा एक चांगला वाहता ओढा एका आखूड दरीत शिरतो, समोर उभा असलेला चुनखडकाचा कडा गाठतो आणि त्या कड्याच्या पायथ्याशी जमिनीत नाहीसा होतो. वाहून आलेल्या फांद्या आणि एक ओंडका तोंडाशी अडकला होता. त्यांच्या फटींतून पाणी खाली जात होते आणि पायाखालून, खूप खोलवरून, धबधब्याचा आवाज येत होता. भर उन्हातही त्या जागी अंगावर गार हवेचा झोत येत होता. मी तेथे तासभर थांबलो.

माझा पहिला प्रश्न असा की, हे पाणी नेमके कोठे जाते? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. चुनखडकात लोखंडाचे खनिज नसते, असे आम्हाला शिकवले गेले आहे. मग चुनखडकाच्या पठारावरच्या गावाचे नाव खनिजावरून कसे पडले, आणि ते खनिज आले कोठून? आणि शेवटी, आपल्याकडे गोदावरी ब्रह्मगिरीवर प्रकट होते, लुप्त होते आणि खाली कुशावर्तात पुन्हा दर्शन देते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हा त्याच जातीचा प्रकार म्हणावा काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

कातळ (नाशिकरोड)

गोदाकाठ, आपण प्रश्न फार नेमके विचारले आहेत. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत असे, आणि कार्स्ट, म्हणजे पाण्याने विरघळून गुहा-विवरे पडलेला चुनखडकाचा प्रदेश, शिकवताना नाशिकच्या मुलांना दाखवायला जवळपास काहीच नसते, ही अडचण मला दरवर्षी जाणवायची.

पाण्यापासून सुरुवात करतो. पावसाचे पाणी हवेतून आणि त्याहूनही अधिक मातीतून कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. बहुतेक खडकांवर त्याचा परिणाम अतिशय मंद होतो. चुनखडक मात्र त्यात प्रत्यक्ष विरघळतो. खडकातली केसाएवढी भेग हजारो वर्षांत बोटाएवढी, मग हाताएवढी होते आणि शेवटी तिच्यातून अख्खा ओढा जाऊ शकतो. रुदित्सेच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेश न विरघळणाऱ्या, पाणी न झिरपू देणाऱ्या खडकांचा आहे. म्हणून तेथे ओढा निमूटपणे जमिनीवरून वाहतो. येदोव्नित्सेला त्याच्यावर ओल्शोव्हेत्स नावाचा मोठा तलावही आहे. चुनखडकाची हद्द लागताच मात्र त्याला जमिनीखालची वाट अधिक सोपी पडते. आपण जेथे उभे होता तेथून हे पाणी एकामागून एक धबधब्यांनी जवळजवळ ९० मीटर खाली उतरते, मग लांबच लांब भुयारांतून वाहते आणि योसेफोव्हच्या दरीत ‘बीची स्काला’ या गुहेपाशी पुन्हा उजेडात येते. ही सलग गुहामालिका १२ किलोमीटरहून अधिक लांबीची आहे आणि त्या देशात लांबीच्या बाबतीत तिचा दुसरा क्रमांक लागतो. वरच्या बाजूने आणि खालच्या बाजूने हौशी गुहासंशोधकांनी सुट्टीच्या दिवशी राबून, पाण्याने भरलेली वळणे पार करून ती जोडून दाखवली आहे, याचे मला विशेष कौतुक वाटते.

आता खनिज. चुनखडकात सहसा फारसे लोखंड नसते हे खरेच आहे. रुदित्सेचे खनिज चुनखडकात नाही, चुनखडकाच्या खळग्यांत आहे, आणि सगळी गोम या फरकात आहे.

तेथील चुनखडक डेव्होनियन काळातला, म्हणजे ढोबळमानाने ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रात साचलेला आहे. पुढे तो वर उचलला गेला, उघडा पडला आणि विरघळून त्यात खोल खोल विवरे तयार झाली. क्रिटेशस कालखंडाच्या पूर्वार्धात (सुमारे साडेचौदा ते दहा कोटी वर्षांपूर्वी) त्या भूभागावर उष्ण आणि दमट हवामान होते. अशा हवामानात खडक कुजतो, विरघळणारे घटक वाहून जातात आणि चिकणमाती, वाळू व लोहाचे ऑक्साइड मागे उरतात. कोकणातला जांभा डोळ्यांसमोर आणला तर ही क्रिया लगेच समजेल, कारण जांभ्याचा तांबडेपणा याच मार्गाने आलेला आहे. कुजलेल्या खडकाचा हा सगळा ऐवज रुदित्सेच्या पठारावरील विवरांत जाऊन साठला. नंतरच्या कोट्यवधी वर्षांत आजूबाजूच्या उघड्या जमिनीवरून तशीच माती धुऊन गेली, परंतु खळग्यांत अडकलेली सुरक्षित राहिली. काही ठिकाणी हा भराव शंभर मीटरहून अधिक खोल आहे. भूशास्त्रात या थरांना गावाचेच नाव मिळाले असून त्यांना ‘रुदित्सेचे थर’ म्हणतात. पांढरी केओलिनची माती, पिवळी आणि तांबूस वाळू, लोखंडाचे खनिज आणि आपण पाहिलेले पोकळ गोटे, हे सर्व त्याच भरावातून निघते.

त्या गोट्यांचे आणि आपल्या आजोबांच्या गोट्याचे नाते मात्र फक्त दिसण्यापुरते आहे. रुदित्सेचा गोटा सिलिकाचा, म्हणजे कॅल्सेडनी आणि क्वार्ट्‌झ यांचा असतो. सिन्नर परिसरात जे सापडते ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांत वाढलेले स्फटिक होत; त्यांत क्वार्ट्‌झ असते, पण त्या भागाची खरी कीर्ती स्टिल्बाइटसारख्या झिओलाइट खनिजांसाठी आणि त्यांच्या सोबतीने येणाऱ्या अ‍ॅपोफिलाइटसाठी आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे उत्तम नमुने आहेत. आपल्या गोट्यातील स्फटिक मोरपिसासारखे किंवा गव्हाच्या पेंढीसारखे पसरलेले असतील, तर तो स्टिल्बाइट असण्याची शक्यता मोठी.

याच कारणाने ब्रह्मगिरीची तुलना मला मान्य होत नाही. आपला काळा पाषाण विरघळून भुयारे बनत नाहीत. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असतात. वरच्या थराच्या भेगांतून पाणी झिरपते, दोन थरांच्या सांध्यावर अडते आणि कड्यातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. तेथे सलग वाहणारी भूमिगत नदी नसते. आपल्याकडची लेणीही याच अर्थाने वेगळी आहेत. मोरावियातल्या गुहा पाण्याने कोरल्या आहेत, तर त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी माणसाने छिन्नीने. पाण्याची सोयसुद्धा माणसालाच खोदावी लागली. उषवदाताच्या शिलालेखात लेण्याबरोबर ‘पोढी’ दिल्याचा उल्लेख आहे, ती पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके.

---

ब्रनोतला नाशिककर

कातळ सरांच्या प्रतिसादानंतर भूशास्त्राबद्दल लिहिण्यासारखे काही उरलेले नाही. मी गेली काही वर्षे ब्रनोला राहतो, रुदित्सेला अनेकदा गेलो आहे, आणि धागाकर्ते ओतकामातले असल्यामुळे लोखंडाची बाजू थोडी विस्ताराने मांडतो.

या पठारावर आणि शेजारच्या ओलोमुचानी गावाच्या जंगलांत उत्खननात स्लाव लोकांच्या लोखंड गाळण्याच्या भट्ट्या सापडल्या आहेत. त्यांचा काळ साधारणपणे ८वे ते १०वे शतक. उतारात खोदून मातीने लिंपलेल्या या लहान भट्ट्यांत लोखंड वितळत नसे, हे आपल्याला माहीत असेलच. खनिज आणि लोणारी कोळसा यांचे थर भरून भात्याने हवा द्यायची, मळी वितळून खाली वाहू द्यायची आणि शेवटी स्पंजासारखा लोखंडाचा गड्डा बाहेर काढून, तो तापवून ठोकून ठोकून त्यातली उरलेली मळी घालवायची, अशी ती पद्धत होती. भाता हाताचा असल्याने अशा भट्टीला ओढा लागत नाही. खनिज आणि लाकूड जेथे असेल तेथे, म्हणजे भर जंगलात, ती उभी राहू शकते.

पुढे मोठ्या झोतभट्ट्या आल्या आणि हा हिशेब बदलला. त्यांचे भाते आणि घण पाणचक्कीच्या जोरावर चालत, त्यामुळे भट्ट्या पठार सोडून दऱ्यांत उतरल्या. खनिज वर निघायचे आणि गाड्यांनी खाली जायचे. ब्लान्स्को येथे साल्म घराण्याचे मोठे लोखंडी कारखाने होते आणि तेथील कलात्मक ओतकाम १९व्या शतकात नावाजलेले होते. लिख्तेनश्टाइन घराण्याची भट्टी आदामोव्हजवळ योसेफोव्हच्या दरीत होती. तिचे १८व्या शतकातील बांधकाम आजही उभे आहे आणि ते ब्रनोच्या तंत्रविषयक संग्रहालयाच्या देखरेखीखाली आहे. आता नकाशा समोर ठेवून पाहावे. रुदित्सेच्या कड्याखाली गडप झालेला ओढा याच दरीत, या भट्टीच्या वरच्या अंगाला, बाहेर पडतो. रुदित्से-ओलोमुचानीच्या पठारावरचे खनिज बैलगाडीच्या रस्त्याने आणि रुदित्सेचे पाणी जमिनीखालून, असे दोघेही एकाच दरीत येऊन पोहोचत होते. मला ही गोष्ट समजली तेव्हा मी त्या दरीत दुसऱ्यांदा गेलो, कारण पहिल्यांदा मी काहीच पाहिले नव्हते असे मला वाटले.

बीची स्कालाचा अर्थ ‘बैलाचा खडक’. साल्मांच्या खाणी-भट्ट्यांवरील कामगारांचे डॉक्टर यिंद्रिख वांकेल यांना गुहांच्या उत्खननाचा ध्यास होता. १८६९ साली या गुहेत काशाची बैलाची छोटी मूर्ती सापडली. उंची सुमारे ११ सेंटिमीटर, आणि कपाळावर लोखंडाचा त्रिकोण जडवलेला. गुहेचे नाव त्याच्या आधीपासूनच बैलाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे अंगावर काटा येतो. १८७२ साली वांकेल यांनी गुहेच्या दर्शनी दालनात इसवी सनापूर्वी ६व्या-५व्या शतकाच्या सुमाराचे अवशेष उघडे केले: सुमारे ४० माणसांचे सांगाडे, रथाचे भाग, दागिने, जळालेले धान्य आणि लोहाराची हत्यारे. वांकेल यांनी त्याचा अर्थ असा लावला की, हा एका सरदाराचा अंत्यविधी असून त्याच्यासोबत स्त्रियांचा बळी दिला गेला. ही कथा अजूनही अनेक ठिकाणी जशीच्या तशी सांगितली जाते. मला स्वतःला एका वाटाड्याने ती ठामपणे सत्य म्हणून सांगितली. प्रत्यक्षात नंतरच्या अभ्यासकांनी त्या अर्थावर गंभीर शंका घेतल्या आहेत आणि तेथे एकदाच विधी झाला की ती दीर्घकाळ वापरातली पवित्र जागा होती, याबद्दल एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गुहेच्या पुढच्या भागात कारखाना थाटला, जमीन सपाट करून काँक्रीट ओतले आणि उरलेल्या थरांचे पुष्कळ नुकसान झाले.

तो बैल आता व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. पंचवटीत कपालेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी नाही, ही आपल्या गावची खासियत मी तेथील एका सहकाऱ्याला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “आमच्याकडेही बैलाची गुहा आहे आणि बैल नाही.”

---

त्र्यंबकची लेक

कातळ सर, आपले शास्त्रीय म्हणणे मला पटते, परंतु गोदाकाठ यांची तुलना इतक्या लवकर निकालात काढू नये, असे नम्रपणे सुचवते. माझे बालपण त्र्यंबकेश्वरला गेले. ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वाराशी उन्हाळ्यात पाण्याची धार किती बारीक होते आणि पावसाळ्यात त्याच कड्यावरून किती ठिकाणांहून पाणी येते, हे आम्ही दरवर्षी पाहत असू. गौतम ऋषींनी दर्भ पसरून गंगेला अडवले, म्हणून ते कुशावर्त, ही कथा आजी सांगायची. पाणी वर दिसते, मध्ये दिसत नाही आणि खाली पुन्हा दिसते, हे निरीक्षण त्या कथेच्या मुळाशी आहे, आणि ते खोटे नाही. सांध्यावरून झिरपणारे पाणी आणि भुयारातून कोसळणारा ओढा यांत फरक आहे, हे मान्य. पण मधला न दिसणारा प्रवास माणसांनी कसा ओळखला आणि लक्षात ठेवला, या अंगाने दोन्ही ठिकाणे शेजारी ठेवता येतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. ओढा असा थेट जमिनीत जात असेल, तर वरच्या वस्तीचे सांडपाणी आणि शेतातली खतेसुद्धा त्याच्याबरोबर जात असणार. त्याचे तेथे काय करतात?

---

कातळ (नाशिकरोड)

ताई, आपली दुरुस्ती मी स्वीकारतो. ‘तुलना मान्य नाही’ याऐवजी ‘कारण वेगळे आहे’ असे मी लिहायला हवे होते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर काळजीचे आहे. आपल्याकडे झिरपणाऱ्या पाण्याला मातीतून आणि मुरुमातून जाताना थोडी तरी गाळणी मिळते. कार्स्टमध्ये विवरातून खाली गेलेले पाणी गाळले जात नाही. वर जे टाकाल ते काही तासांत किंवा दिवसांत दरीतल्या झऱ्यात निघते. या गुणाचा उपयोग संशोधनातही होतो. वरच्या तोंडाशी निरुपद्रवी रंग सोडायचा आणि खाली कोणत्या झऱ्याला तो रंग येतो हे पाहायचे, म्हणजे न दिसणारी वाट कळते. मोरावियाच्या कार्स्टला १९५६ सालापासून संरक्षण आहे, तरीही शेतातील विवरांत राडारोडा आणि कचरा टाकण्याची सवय पुष्कळ काळ चालू राहिली. पुढे ती विवरे साफ करण्यात आली आणि गुहांच्या वरची नांगरट बंद करून तेथे गवताची कुरणे राखण्याचे काम हाती घेतले गेले.

---

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. सिन्नरचा तो गोटा काल मामांकडून मागवून घेतला आणि खिडकीत धरून पाहिला. आत गव्हाच्या पेंढीसारखेच फिकट गुलाबी पापुद्रे आहेत; इतकी वर्षे घरातले सगळे त्याला नुसते ‘स्फटिक’ म्हणत आलो.

येत्या शरद ऋतूत पुन्हा ब्रनोला जाण्याची शक्यता आहे. ओढा बुडतो तेथून निघून तो वर येतो तेथपर्यंत वरून पायी जाता येईल काय? आणि बीची स्कालाच्या आत जाता येते काय?

---

ब्रनोतला नाशिककर

पायी नक्की जाता येईल. चेक लोकांनी आपल्या जंगलवाटा झाडांवर आणि दगडांवर रंगीत पट्टे रंगवून आखलेल्या आहेत: दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा पट्टा. गावातल्या फलकावर आपला रंग पाहून घ्यावा आणि तोच धरून खाली उतरावे. गावाजवळचे कोलीब्की नावाचे कडे पाहायला विसरू नका. तेथे गिर्यारोहक सरावाला येतात. चालताना पायाखाली ओढा आहे, हे माहीत असूनही काहीही ऐकू येत नाही.

बीची स्काला वर्षातील मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतात, तेव्हा तारीख आधी पाहून ठेवावी. ओढा बाहेर पडतो ती जागा मात्र दरीतल्या रस्त्यालगत आहे आणि ती पाहायला परवानगी लागत नाही. तेथून आदामोव्हच्या दिशेने खाली चालत गेलात की जुनी भट्टी लागेल. जुन्या पद्धतीने लोखंड गाळण्याचे प्रयोग अभ्यासक तेथे अधूनमधून करतात. तो दिवस साधता आला, तर आपण ओतकामातले आहात हे त्यांना अवश्य सांगावे. मला एकदा त्यांनी भाता मारायला दिला होता आणि संध्याकाळी निघालेला गड्डा अजून लालभडक असताना ठोकताना पाहू दिला होता.